न वाचलेली पुस्तिका वर्गात नेऊ नका

फाइल मिटवा आणि आधी माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या. हिच्यात लावलेल्या पुस्तिका, पोस्टर, पीपीटी आणि व्हिडिओंच्या लिंका यांपैकी एक तरी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत तुमच्यापैकी कोणी वाचली किंवा पाहिली आहे? संगणकाचे सर, तुम्ही सांगा. सहावीच्या बेन, तुम्ही सांगा. कोणीच नाही. मला हे फाइल उघडताच कळलं होतं, कारण एकच पोस्टर हिच्यात दोनदा लावलंय आणि लावणाऱ्याच्याही ते लक्षात आलेलं नाही.

डिजिटल नागरिकत्वाचा तास सुरू करायचा आहे, त्यासाठी साहित्य पारखून निवडा, असं मी सत्राच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं. तुम्ही निवडलं नाहीत, गोळा केलंत. कोणत्या तरी ग्रुपवर आलं ते डाउनलोड केलं, झेरॉक्स काढली, पंच मारून लावलं, वर अनुक्रमणिका चिकटवली आणि शेवटी माझ्या सहीसाठी जागा सोडली. तपासणीला कोणी आलं तर दाखवायला कागद तयार झाला. मुलांसाठी काय तयार झालं? काहीही नाही. म्हणून मी सही करणार नाही, आणि का करणार नाही ते आज पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय कोणी उठायचं नाही.

ही शाळा सुरतेच्या कतारगामात आहे. आपल्या मुलांचे कितीतरी बाप हिऱ्याच्या कारखान्यात हिरे घासायच्या घंटीवर बसतात. शेठकडे रफचं, म्हणजे कच्च्या हिऱ्यांचं, पाकीट आलं की एकेक खडा आयग्लासखाली धरल्याशिवाय घेतला जात नाही, हे या भागातलं शेंबडं पोरही जाणतं. आणि त्याच कारागिराच्या मुलीपुढे काय ठेवायचं हे ठरवताना तुम्ही मुखपृष्ठ बघून थांबता. रंगीत आहे, वर सरकारी बोधचिन्ह आहे, चालेल. असं चालत नाही.

अनुक्रमांक चारचं पोस्टर काढा. खाली मदतीचा नंबर दिलाय १५५२६०. ऑनलाइन पैसे लुबाडले गेले तर तक्रार करण्यासाठी केंद्रीय गृहमंत्रालयाने २०२१ साली हा नंबर सुरू केला होता. पुढच्याच वर्षी तो बदलून १९३० झाला. म्हणजे हे पोस्टर इतकी वर्षं जुनं आहे आणि तुम्ही ते जिन्यापाशी लावायला निघाला होतात. पैसे गेल्यावर पहिले काही तास मोलाचे असतात. लवकर कळवलं तर पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळण्याआधी अडवता येतो. अशा वेळी एखाद्या मुलाने घाबरून आपल्या पोस्टरवरचा जुना नंबर फिरवला असता, तर ती चूक कोणाच्या माथी मारायची? त्याच्या की आपल्या?

पुढची पुस्तिका. तिच्यात टिकटॉकवर खातं खासगी कसं करायचं याचं अख्खं पान आहे, चित्रांसह. टिकटॉकवर आपल्या देशात जून २०२० मध्ये बंदी आली. पाचवीतल्या पोरांना ते धड आठवतसुद्धा नाही. तीच मुलं आज इन्स्टाग्रामवर रील बघतात, फ्री फायर खेळतात, आणि एआयला चित्र काढायला सांगतात. या पुस्तिकेत एआय हा शब्द नाही. असणार कसा? ती छापली तेव्हा चॅटजीपीटी आलंच नव्हतं. एखाद्या मुलीच्या वाढदिवसाचा साधा फोटो घेऊन त्यावरून घाणेरडं खोटं चित्र बनवणं आता शाळकरी पोराच्या हातात आलं आहे, आणि आपण त्याला पासवर्डमध्ये एक आकडा आणि एक चिन्ह टाका एवढंच शिकवणार. छपाईचं साल पाहायला अर्धं मिनिटही लागत नाही. तेवढंही कोणी पाहिलं नाही.

आता भाषेचं बोलते, कारण माझा सगळ्यात जास्त राग तिथे आहे.

सुरत महानगरपालिकेच्या शाळा गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमांतूनही चालतात. गणित-विज्ञानाची पुस्तकं गांधीनगरचं पाठ्यपुस्तक मंडळ आपल्या मुलांना मराठीत छापून देतं. नंदुरबार, धुळे, जळगावकडून आलेल्या, घरी अहिराणी बोलणाऱ्या माणसांच्या मुलांना त्यांच्या भाषेत शिकता यावं म्हणून ही सोय उभी राहिली. आणि मुलाच्या अब्रूशी, जिवाशी ज्याचा संबंध आहे तेवढाच विषय त्याला परक्या भाषेत वाचावा लागतो. फाइलमधलं निम्मं साहित्य इंग्रजी आहे. मुलांना कळतं हो, असं तुम्ही मला सांगितलंत. कळतं का ते बघायला मी फाइलमधली रंगीत हिंदी पुस्तिका घेऊन सातवीत गेले. हिंदीच म्हणते मी, इंग्रजी तर दूरच राहिली.

एका मुलीला तिसरं पान मोठ्याने वाचायला सांगितलं. हिंदी ती छान वाचते. कुठेही न अडखळता तिने पान संपवलं. मी विचारलं, यात काय करायला सांगितलंय? ती म्हणाली, पासवर्ड कोणाला सांगायचा नाही. त्या पानावर पासवर्डाचा उल्लेखसुद्धा नव्हता. आपण टाकलेला फोटो कोणकोणाला दिसतो आणि ते कसं बदलायचं, याबद्दल ते पान होतं. ऑनलाइन सुरक्षेचं नाव निघालं की मुलांच्या तोंडून एकच पाठ केलेलं वाक्य बाहेर पडतं, आणि आपण त्याला समज म्हणतो.

मग मी तिला विचारलं, फोन कोणाचा वापरतेस? पप्पांचा, ते रात्री कारखान्यातून आले की. इन्स्टाग्रामचं खातं कोणी काढून दिलं? मोठ्या भावाने, पप्पांच्या नंबरवर. त्या एकाच खात्यावर ती, तिचा भाऊ आणि चुलतबहीण असे तिघं असतात. आता हे नीट समजून घ्या. इन्स्टाग्रामने अठरा वर्षांखालच्यांसाठी जास्त कडक अशी वेगळी खाती आणली, भारतातही ती २०२५ साली सुरू झाली. पण ती सोय खात्यावर टाकलेल्या वयाला बघते. पप्पांच्या नावाच्या, पप्पांच्या वयाच्या खात्यावर बारा वर्षांची मुलगी बसली असेल तर ती सोय तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. फाइलमधली प्रत्येक पुस्तिका गृहीत धरते की मुलाचा स्वतःचा फोन आहे, स्वतःचं खातं आहे आणि संध्याकाळी सहाला घरी असलेले, सेटिंग वाचू शकणारे आईवडील आहेत. वेड रोडच्या एका खोलीतल्या घरात यातलं काय आहे? साहित्य लिहिणाऱ्याला आपली मुलं माहीत नाहीत, हा त्याचा दोष म्हणता येणार नाही. तुम्ही तर त्यांना रोज पाच-सहा तास बघता. तुमची कोणती सबब आहे?

मराठीत काहीच मिळत नाही, असंही म्हणू नका. पुण्याच्या क्विक हील फाउंडेशनच्या उपक्रमात महाविद्यालयीन मुलं शाळाशाळांत जाऊन सायबर सुरक्षेबद्दल बोलतात. मुंबईच्या प्रेरणा संस्थेचा आरंभ इंडिया हा उपक्रम मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध काम करतो, आणि तशा शोषणाची चित्रं इंटरनेटवर दिसली तर कळवण्याची सोय त्यांनी २०१६ साली उभी केली. शोधलं असतं तर सापडलं असतं. मात्र तिकडचं साहित्य घेतानाही डोळे उघडे ठेवा. महाराष्ट्रात छापलेल्या पुस्तिकेत तिकडच्या पोलिसांचे नंबर असतात. सुरतेच्या मुलीला महिला हेल्पलाइनचा १८१ अभयम माहीत पाहिजे, चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ माहीत पाहिजे, आपल्या भागातलं पोलीस ठाणं माहीत पाहिजे. भाषा आपली आहे म्हणून आतलं सगळं आपल्या उपयोगाचं आहे असं होत नाही.

आता फाइलमधला भीती घालणारा तो व्हिडिओ. कवटी, काळी पार्श्वभूमी, वर किंचाळणारं संगीत. तो फाइलमध्ये कोणी घातला ते मी विचारणार नाही, पण तो आजच काढा. २०१७ साल आठवा. मुंबईत एका चौदा वर्षांच्या मुलाने जीव दिला आणि ब्लू व्हेल नावाच्या खेळाचं नाव देशभर झालं. शाळांनी परिपत्रकं काढली, वाहिन्यांनी रात्रंदिवस तेच दाखवलं, ज्या मुलांनी ते नावही ऐकलं नव्हतं ती शोधायला लागली. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत सांगितलं की तपासलेल्या एकाही मृत्यूमागे हा खेळ होता असं सिद्ध झालं नाही. उत्तर देणारे गृहराज्यमंत्री आपले चंद्रपूरचे हंसराज अहीर होते. ते उत्तर किती शाळांच्या फलकावर लागलं? परिपत्रक मात्र सगळ्यांच्या फलकावर होतं.

तेवढं लांब जायला नको. मार्च २०२५ मध्ये अमरेली जिल्ह्यातल्या बगसरा तालुक्यात, मोटा मुंजियासरच्या प्राथमिक शाळेत बऱ्याच मुलांनी स्वतःच्या हातांवर जखमा करून घेतल्या. कतारगामात अमरेलीची माणसं घराघरांत आहेत, ती बातमी इथे संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या फोनवर होती, आणि जोडीला व्हिडिओ गेमला शिव्याशाप. चौकशीत पुढे आलं ते असं, की मुलांनी आपसांत पैज लावली होती, काही रुपयांची. पैज पुरी केली तर इतके मिळणार, माघार घेतली तर इतके द्यायचे. म्हणजे तिथे शिकवायला हवं होतं ते मित्रांच्या दबावाला नाही कसं म्हणायचं, आणि मित्राचं काही बिनसलंय असं दिसलं तर मोठ्या माणसाला कसं सांगायचं. कवटीच्या व्हिडिओतून यातलं काय शिकवता येतं? भ्यालेलं मूल सावध होत नाही, ते गप्प होतं. आणि आपल्याला सगळ्यात जास्त धोका त्या गप्प बसण्याचाच आहे.

आता थोडं साहित्य कोण बनवतं त्याबद्दल. जुलै २०२० मध्ये सीबीएसई आणि फेसबुक यांनी मिळून डिजिटल सुरक्षेचा अभ्यासक्रम जाहीर केला. गूगलचा बी इंटरनेट ऑसम हा कार्यक्रम आहेच, खेळासकट. ही साहित्यं टाकाऊ आहेत असं मी म्हणत नाही, त्यांतले काही पाठ चांगले बांधलेले आहेत. पण ज्या कंपनीचा धंदा माणसांची माहिती गोळा करून जाहिरात विकण्यावर चालतो, तिच्या पुस्तिकेत परक्या माणसाला माहिती देऊ नका असं ठळक असतं आणि कंपनी स्वतः तुमची किती माहिती घेते ते बारीक अक्षरांतही सापडत नाही. गूगलच्या साहित्यावर अभ्यासकांनी नेमका हाच आक्षेप घेतला आहे. तुम्ही शिक्षक आहात. जे पान पुस्तिकेत नाही ते वर्गात तुम्ही भरून काढायचं असतं. त्यासाठी ते पान गहाळ आहे हे आधी कळायला हवं, आणि कळण्यासाठी वाचायला हवं.

संगणकाचे सर, तुम्ही मला मोठ्या अभिमानाने सांगितलंत की मागच्या वर्षी क्विझ घेतली, मुलांना भरपूर गुण पडले, प्रतिज्ञा झाली, प्रमाणपत्रं वाटली. त्याचं पुढे काय झालं? अमेरिकेत आय-सेफ नावाचा असाच एक मोठा कार्यक्रम शाळांत चालायचा. तिथल्या न्याय विभागाच्या पैशांतून त्याची तपासणी झाली आणि २००६ साली अहवाल आला. मुलांचं ज्ञान वाढलं होतं. वागण्यात फरक पडला नव्हता. पुढे न्यू हॅम्पशायर विद्यापीठातल्या संशोधकांनी असे चार गाजलेले कार्यक्रम तपासले, तेव्हा त्यांना बहुतेक ठिकाणी हे आढळलं: एकदा येऊन भाषण देऊन जायचं, सूचनांची यादी वाचायची, मुलांकडून काही करून घ्यायचं नाही, मागाहून फरक पडला का ते बघायचं नाही. इतकी वर्षं झाली, तरी आपण तेच करतो आणि त्याला उपक्रम म्हणतो.

करून घेणं म्हणजे काय, तेही सांगते, नाहीतर पुन्हा मला विचाराल. फळ्यावर एक मेसेज लिहा. मावसभावाच्या मित्राचा आहे असं समजा: तुझा फोटो छान आला, अजून एक पाठव ना, कोणाला दाखवणार नाही. आता प्रत्येकाला वहीत आपल्या शब्दांत उत्तर लिहायला लावा. मराठीत, अहिराणीत, गुजरातीत, जसं ते खरंच टाइप करतात तसं, रोमन अक्षरांत लिहिलं तरी चालेल. बहुतेकांना नाही म्हणताच येणार नाही, ते बघा. हसून टाळतील, नंतर देते म्हणतील, उत्तरच लिहिणार नाहीत. तिथे शिकवणं सुरू होतं. पुढच्या आठवड्यात तोच मेसेज बदलून द्या, या वेळी धमकीचा. पुन्हा लिहायला लावा. ज्या साहित्यात असं करून घ्यायला एकही जागा नाही ते साहित्य वाचनखोलीत ठेवा, या तासाला आणू नका.

मी मावसभावाचा मित्र म्हणाले ते मुद्दाम. तुमच्या सगळ्या पोस्टरवर काळा कोट घातलेला, तोंड झाकलेला अनोळखी माणूस आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी दरवर्षी सांगते की पॉक्सोखाली, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखाली, नोंदलेल्या अत्याचाराच्या शंभरातल्या नव्वदहून जास्त प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. नात्यातला, शेजारचा, ट्यूशनचा, मैत्री करून जवळ आलेला. मूल काळ्या कोटाची वाट बघत बसतं आणि मेसेज येतो तो दादाचा. हे पोस्टर मुलाला चुकीच्या दिशेला बघायला शिकवतं. निरुपयोगी साहित्य मी एक वेळ सहन करीन, हे सहन करणार नाही.

आणि एक गोष्ट अशी आहे की ती या फाइलमधल्या एकाही कागदावर नाही, आणि सुरतेत ती सगळ्यांत आधी असायला हवी. भाड्याची बँकखाती. फसवणुकीचा पैसा फिरवायला टोळ्यांना दुसऱ्याच्या नावाची खाती लागतात. थोडे हजार रुपये देऊन पोरांकडून पासबुक, एटीएम कार्ड, सिमकार्ड घेतात. सुरत पोलिसांनी अशा टोळ्या पुन्हा पुन्हा पकडल्या आहेत. हिऱ्यात मंदी आली, घरात पगार अर्धा झाला, तर दहावी झालेल्या पोराला हा सोपा पैसा दिसतो. खातं त्याच्या नावाचं, म्हणून पोलीस पहिल्यांदा त्याच्याच दारात येतात. शिष्यवृत्तीसाठी आपण मुलांची खाती काढून घेतो. दहा वर्षांवरच्या मुलाला बँक स्वतःचं खातं चालवू देऊ शकते, तशी मुभा रिझर्व्ह बँकेने दिलेली आहे. खातं काढायला आपण रांगेत उभे राहतो आणि ते कोणाला वापरायला द्यायचं नाही हे सांगायला आपल्याकडे एक ओळ नाही. मूल फसू नये एवढंच डिजिटल नागरिकत्व नसतं. त्याने फसवणाऱ्याचा हस्तक होऊ नये, कोणाचं चित्र बिघडवू नये, कोणाची बदनामी पुढे ढकलू नये, हेही त्यातच येतं. तुमच्या सगळ्या पुस्तिकांत मूल नेहमी बिचारं आहे. आपल्या वर्गात दोन्ही प्रकारची मुलं बसतात, आणि कधीकधी एकाच बाकावर बसतात.

प्रत्येक पुस्तिका शेवटी सांगते की काही झालं तर विश्वासू मोठ्या माणसाला सांगा. ठीक आहे. समजा उद्या मुलगी आली आणि आपला तसला फोटो फिरतोय असं तिने तुम्हाला सांगितलं. तुम्ही काय कराल?

मी तुमच्यापैकी चौघांना हे वेगवेगळं विचारलं. एकाने सांगितलं, मुलीच्या आईला बोलावून फोन काढून घ्यायला सांगू. दुसऱ्याने सांगितलं, शाळेचं नाव खराब होईल म्हणून आपसात मिटवू. तिसऱ्याने सांगितलं, पुरावा म्हणून तो फोटो स्टाफच्या ग्रुपवर टाकू. चौथ्या बेन गप्प राहिल्या. यातलं तिसरं उत्तर ऐकून मी हादरले. पॉक्सो कायदा २०१२ चा आहे. त्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे असा गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचं असतं, आणि न कळवणाऱ्याला २१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शाळेचं नाव तिथे कोणी विचारत नाही. मुलाचं असं चित्र साठवून ठेवणं, पुढे पाठवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बाब आणखी कडक केली. पुराव्याच्या नावाखाली तुम्ही तो फोटो ग्रुपवर टाकलात तर गुन्हेगारांच्या यादीत तुम्ही बसाल, आणि ती मुलगी दुसऱ्यांदा उघडी पडेल, या वेळी स्वतःच्या शिक्षकांसमोर.

अशा वेळी काय करायचं ते पाठ करा. मुलीला दोष द्यायचा नाही, तू पाठवलाच कशाला हा प्रश्न तोंडातून काढायचा नाही. चित्र स्वतःच्या फोनवर घ्यायचं नाही. मेसेज पुसू द्यायचे नाहीत, कोणाचं खातं आणि कोणता नंबर तेवढं कागदावर लिहून घ्यायचं. मला त्याच तासाला सांगायचं. १०९८ ला फोन, पोलिसांना खबर, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. टेक इट डाउन नावाची एक सेवा २०२३ पासून आहे. अठराच्या आतल्या मुलाचं चित्र मोठमोठ्या साइटवरून काढायला ती मदत करते, आणि चित्र कुठेही न पाठवता ते होतं. फोनवरच त्या चित्राची आकड्यांची खूण तयार होते आणि फक्त ती खूण पुढे जाते. चित्र कोणाला दाखवावं लागत नाही, हे मुलीला सांगितलं तरच ती बोलायला तयार होईल. हे तुमच्या फाइलमध्ये कुठे आहे? विश्वासू मोठा माणूस म्हणून चित्र तुमचं काढलंय. त्या माणसाला काय करायचं ते माहीत नाही.

शेवटचं, आणि हे बोलताना मला वाईट वाटतं. मुलांना शिकवायचं पहिलं वाक्य तुम्ही अनुक्रमणिकेच्याही वर लिहिलंत: आपली वैयक्तिक माहिती कोणालाही देऊ नका. त्याच दिवशी सकाळी शाळेच्या ग्रुपवर सातवीच्या मुलांची यादी आली. नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, बापाचा मोबाइल, पत्ता. ग्रुपवर किती माणसं आहेत आणि त्यांतली किती आता शाळेत नाहीत, कोणाला ठाऊक नाही. बक्षीस समारंभाचे फोटो नावासकट, वर्गासकट फेसबुकवर. स्टेटसला वर्गातल्या पोरांचा नाच. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली झाला. अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण त्याच्या लेखी बालक आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकाची पडताळलेली संमती हवी असं तो सांगतो. आपण कोणत्या पालकाला कधी विचारलं? मुलं पुस्तिका बघत नाहीत, ती आपल्याला बघतात. ज्या बेनने माझा फोटो न विचारता टाकला त्या बेनला मी माझा फोटो फिरतोय हे कशाला सांगू, असं एखादी मुलगी मनात म्हणाली तर तिचं काय चुकलं?

तर ऐका. शनिवारी शाळा सुटल्यावर प्रत्येकाने एकच वस्तू घरी न्यायची, पूर्ण वाचायची आणि सोमवारी मला कागदावर लिहून द्यायचं. ही कोणी बनवली, कोणत्या साली, कोणाच्या पैशाने. आपल्या मुलाला तिच्यातलं कोणतं वाक्य कळणार नाही. त्याच्या घरात काय गृहीत धरलंय ते खरं आहे का. मूल हिच्यातून काय करून बघणार. तिच्यातले नंबर तुम्ही स्वतः पडताळून पाहिले का. ते लिहून झालं की आपापल्या वर्गातल्या तीन मुलांना ती वाचायला द्यायची आणि त्यांना काय समजलं ते त्यांच्याच शब्दांत उतरवायचं, तुमच्या नव्हे. जे टिकेल ते आपण मराठीत आणू. अहिराणी बोलणाऱ्या आयांची बैठक संध्याकाळी सातनंतर लावू, त्या आधी कामावर असतात. ग्रुपवरची ती यादी आत्ता, माझ्यासमोर काढायची, आणि ज्यांनी ज्यांनी ती उतरवून घेतली त्यांनी फोनमधूनही पुसायची.

ज्याला हे जड वाटत असेल त्याने आजच तसं सांगावं, मी त्याच्यावर रागावणार नाही, तास दुसऱ्याला देईन. पण वाचल्याशिवाय कोणीही या तासाला वर्गात पाऊल टाकायचं नाही.